मुलाने वेंगुर्ल्याच्या डच वखारीवर 'देश' जाहीर केलाय, त्याला काय उत्तर देऊ?

वेंगुर्लेकरीण

नमस्कार मंडळी, धागा कुठल्या विभागात टाकायचा ते कळेना म्हणून इथे टाकतेय, चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझा मुलगा नववीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तो आणि त्याचे तीन मित्र बंदराकडच्या डच वखारीत जायला लागले. इथल्या लोकांना माहितीय ती जागा, भिंतींतून झाडं उगवलीत, पावसाळ्यात दगड सुटतात. मला वाटलं क्रिकेट खेळतात. मग गणपतीच्या आधी कपाट आवरताना बुटांचा एक खोका हाती लागला आणि त्यातून अख्खा देश बाहेर पडला. वहीच्या पुठ्ठ्याचे चार पासपोर्ट, वर काजूच्या बीचं चित्र, खोडरबर कोरून केलेला शिक्का, माझ्या जुन्या साडीच्या फॉलचा निळा झेंडा. आलेखाच्या कागदावर वखारीचा नकाशा, प्रत्येक भिंत किती पावलं ते पेन्सिलीने लिहिलेलं. चलन काजूबी, एक काजूबी म्हणजे एक लिमलेटची गोळी. आणि एक घोषणापत्र, त्यातलं वाक्य जसंच्या तसं देते: "डच येथून गेले तेव्हा त्यांनी ही जागा कोणालाच लिहून दिली नाही, म्हणून ती आजही कोणाचीच नाही, आणि कसेल त्याची जमीन या न्यायाने ती आमची आहे."

हे कसेल त्याची जमीन आमच्या सासऱ्यांकडून आलंय, त्यांची कुळाची केस वर्षानुवर्षं चालली होती आणि घरात जेवताना तोच विषय असायचा.

खोका मी होता तसा ठेवून दिला, खरं सांगायचं तर अक्षर बघून बरं वाटलं, शाळेच्या वहीत एवढं नीट कधी काढत नाही. पण मागच्या आठवड्यात तो माझ्याकडे कार्ड मागायला आला. यांनी इन्स्टाग्रामवर देशाचं पेज काढलंय आणि तिथे परदेशातल्या असल्याच कुठल्यातरी 'देशा'च्या परराष्ट्रमंत्र्याचा मेसेज आला, की आम्ही तुम्हाला मान्यता देतो, करार करू, शिवाय मानद वाणिज्यदूत म्हणून सर्टिफिकेट देऊ, दीडशे डॉलर भरा. मिस्टर शिपवर असतात, बंदर लागलं की फोन. घरात मी आणि सासरे. सासऱ्यांनी ऐकलं आणि ते हादरलेच, म्हणाले हा देशद्रोह आहे, उद्या पोलीस दारात येतील, खोका चुलीत घाला. पोरगं न जेवता झोपलं.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, यात खरंच गुन्हा आहे का. आणि दुसरी जास्त महत्त्वाची. मी त्याला म्हटलं, असं वेड्यासारखं नसतं रे काही, देश असे होत नसतात. तर तो शांतपणे म्हणाला, "मग माझ्या वाक्यात चूक काय ते सांग." मला सांगता आलं नाही. वखार डचांची होती, ते गेले, कोणाला दिली ते पुस्तकात नाही. मी पतसंस्थेत काम करते, इतिहास दहावीपर्यंतच. आरडाओरडा करून गप्प बसवायचं नाहीये मला, खरं उत्तर द्यायचंय. कोणी मदत कराल का?

---

कोर्टकचेरी

ताई, सावंतवाडीला वकिली करतो, पहिल्या प्रश्नाचं सांगतो.

आधी आजोबांना धीर द्या. नववीतल्या पोराने पुठ्ठ्याचे पासपोर्ट केले म्हणून कोणी दारात येत नाही. भारतीय न्याय संहितेचं १५२ कलम आहे, देशाचं सार्वभौमत्व, ऐक्य धोक्यात आणणाऱ्या, फुटीरपणाला चिथावणी देणाऱ्या कृत्यांसाठी, पण त्याला जाणूनबुजून किंवा हेतूपूर्वक केलेलं असावं लागतं, आणि काजूबी चलन असलेल्या खोक्यात तो हेतू कोणालाच दिसणार नाही. तरीपण इन्स्टाचं पेज सगळं जग बघतं, तिथे "भारतापासून स्वतंत्र" असली भाषा असेल तर आजच काढून टाकायला सांगा, आणि वर स्पष्ट लिहायला सांगा की हा शाळकरी मुलांचा काल्पनिक देश आहे. पासपोर्टवर अशोकस्तंभ असेल तर तोही काढा, राजमुद्रेच्या गैरवापराचा २००५ चा वेगळा कायदा आहे. काजूच्या बीला कोणाची हरकत नाही.

मला खरी काळजी दोन गोष्टींची वाटते. एक म्हणजे वखारच. जुनं स्मारक आहे, तिथे भिंतीवर रंगाने लिहिणं, दगड हलवणं, झेंड्यासाठी खिळे ठोकणं यातून खरोखरचा गुन्हा होऊ शकतो, आणि त्याहून आधी डोक्यात दगड पडू शकतो. एकट्याने आत जाऊ देऊ नका.

दुसरं, ते दीडशे डॉलर. एक पैसा देऊ नका. जुलै २०२५ मध्ये गाझियाबादला एका बंगल्यात चक्क खोटी एम्बसी सापडली होती, पोलिसांनी छापा घातला, बाहेर राजनैतिक नंबरप्लेटच्या गाड्या, आत शिक्के आणि असल्याच स्वयंघोषित देशांचे कागद, त्यातला एक वेस्टआर्क्टिका, जो २००१ पासून अंटार्क्टिकाच्या एका तुकड्यावर हक्क सांगतोय. तिथला आरोप लोकांना परदेशात नोकरी लावतो सांगून पैसे उकळल्याचा होता. म्हणजे हौसेचे कागद एखाद्याच्या हातात पडले की त्यांचं काय होतं बघा. आणि मानद वाणिज्यदूत वगैरे आपलं परराष्ट्र मंत्रालय मंजुरी देतं तेव्हाच होता येतं, मेसेजवर होत नाही.

कुळाच्या मुद्द्यावर नंतर लिहितो, आत्ता तारखेला उभं राहायचंय.

---

गझाली

गो बाय, तुझो झील हुशार आसा, त्येका वरडू नको. आजोबांका म्हणा खोको चुलीत घालूक नको, उद्या नातवाच्या पोरांका दाखवूक होयो.

---

मोडीवाला

वेंगुर्लेकरीण ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याला उत्तर आहे. जरा लांबण लागेल पण त्याला वाचून दाखवा.

पहिलं, डच वेंगुर्ल्याचे मालक कधी नव्हतेच. १६३७ च्या सुमारास डच ईस्ट इंडिया कंपनीने विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीने तिथे वखार घातली. वखार म्हणजे काय, तर माल ठेवायची, व्यापार करायची जागा. तटबंदी होती, बुरूज होते, कारण समोर पोर्तुगीज होते आणि गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना पाणी, धान्य, दारूगोळा इथून मिळायचा. पण गाव त्यांचं नव्हतं, जकात त्यांची नव्हती, न्यायनिवाडा त्यांचा नव्हता. सतराव्या शतकाच्या शेवटी त्यांनी इथलं बस्तान गुंडाळलं. म्हणजे भाडेकरू खोली सोडून गेला. भाडेकरूने जाताना खोली कोणाला लिहून दिली नाही म्हणून ती बेवारस होत नाही, ती मालकाचीच राहते.

मग मालक कोण, तर तिथे साखळी लागते आणि मधली एकही कडी तुटलेली नाही. आदिलशाही, मग मराठे, मग सावंतवाडीचे सावंत भोसले, १८१२ साली सावंतवाडीकरांनी वेंगुर्ला इंग्रजांना दिलं, तिथून मुंबई इलाखा, १९४७ ला स्वतंत्र भारत, पुढे महाराष्ट्र, आधी रत्नागिरी जिल्हा आणि १९८१ पासून सिंधुदुर्ग. आणि डचांचा हक्क कोणी ओढूनताणून काढलाच तरी ती कंपनी १७९९ च्या अखेरीस बंद झाली, तिचं सगळं डच सरकारकडे गेलं, आणि १८२४ च्या लंडनच्या तहात डच सरकारने हिंदुस्थानातल्या आपल्या सगळ्या वसाहती इंग्रजांना देऊन टाकल्या. त्या बाजूने आलात तरी त्याच दारात पोचता.

आता मला त्याला एक खास गोष्ट सांगायचीय, कारण त्याचाच प्रश्न एकदा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढवला गेलाय आणि तोही मराठी कागदावर. दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. १९५४ साली ती मुक्त झाली आणि पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरमध्ये भारतावर केस टाकली की दमणहून तिथे जायचा रस्ता आमच्या हक्काचा आहे. त्यासाठी त्यांना आधी दाखवावं लागलं की ते गाव आमच्या मालकीचे होते. पुरावा काय, तर १७७९ चा पेशव्यांशी झालेला तह आणि १७८३, १७८५ च्या सनदा. हेगला खल झाला तो आपल्या मराठी मजकुराचा, की पेशव्यांनी नक्की दिलं काय. आणि कोर्टाने म्हटलं की दिला तो सरंजाम, म्हणजे नुसता महसूल घ्यायचा हक्क, बारा हजार रुपये वसुलाचा. राज्य दिलेलं नाही. मराठ्यांना जिथे सत्ताच द्यायची असायची तिथे ते कायमची, वंशपरंपरा, अमलासकट असं स्पष्ट लिहायचे, या सनदांत तसे शब्द नाहीत. मी मोडी वाचतो म्हणून मला हे वाचताना अंगावर काटा आला होता, दप्तरातल्या कारकुनाने कुठला शब्द घातला आणि कुठला घातला नाही यावर पावणेदोनशे वर्षांनी परदेशातले न्यायाधीश चर्चा करतायत.

पण निकाल तिथेच थांबला नाही, हेही मुलाला सांगा, अर्धं सांगू नका. कोर्ट पुढे म्हणालं की पेशव्यांनी राज्य दिलं नसलं तरी इंग्रज आल्यावर त्यांनी पोर्तुगिजांना तिथले सत्ताधीश म्हणून वागवलं, कोणी हरकत घेतली नाही, म्हणून ते त्या अर्थी सत्ताधीश होतेच. १२ एप्रिल १९६० चा निकाल, साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना रस्त्याचा हक्क होता, सैन्याला, सशस्त्र पोलिसांना, हत्यारांना नव्हता, आणि १९५४ मध्ये भारताने रस्ता अडवला त्यात भारताने काही मोडलं नाही. म्हणजे कागद बघतात, आणि त्याबरोबर हे बघतात की तिथे कारभार कोण करत होतं आणि शेजारी कोणाला मानत होते. तुमच्या मुलाने फक्त पहिल्या अर्ध्याचा विचार केला. तेवढा मोठमोठे लोक पण करत नाहीत.

---

कोर्टकचेरी

मोडीवाला, क्या बात. आता कुळाचं सांगतो, ते यालाच जोडून आहे.

ताई, मुलाला सांगा की कसेल त्याची जमीन हे बरोबर आहे, पण कुळाला जमीन कोण देतं? कायदा देतो, १९४८ चा कूळकायदा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कूळ मालक झालं, पण ते झालं सरकारच्या कायद्याने, तहसीलदाराच्या आदेशाने, फेरफार पडला, सातबाऱ्यावर नाव चढलं. कुळाला शेत मिळालं, त्या शेतावरचं राज्य मिळालं नाही. आजोबांनी केस जिंकली तेव्हा काजूची कलमं त्यांची झाली, पण चोरी झाली तर तक्रार वेंगुर्ला पोलीस ठाण्यातच द्यावी लागते. पेशव्यांच्या सनदेत सरंजाम आणि राज्य यात जो फरक आहे तोच हा. आजोबांनाच समजावून द्यायला बसवा, त्यांच्याइतकं हे त्याला दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

---

तळकोकणी

मला एक कळत नाही, सगळे कौतुक करतायत पण डचांचाच वारसा कशाला? ते इथे व्यापाराच्या नावाखाली आले, समुद्र बळकावून बसले होते. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, पद्मदुर्ग एवढे आपले जलदुर्ग डोळ्यासमोर असताना पोरांनी परक्या कंपनीच्या गोदामावर जीव लावावा याचं वाईट वाटतं. खोका जाळू नका पण झेंडा तरी बदला.

---

मिऱ्याबंदर

तळकोकणी दादा, राग समजतो, पण पोराने वखार निवडली कारण ती घराजवळ आहे आणि कोणी तिच्याकडे बघत नाही म्हणून, असं मला वाटतं. त्याने डचांचा झेंडा लावलेला नाही, साडीच्या फॉलचा लावलाय.

मी या मायक्रोनेशनच्या, म्हणजे असल्या स्वयंघोषित देशांच्या, नादात कॉलेजपासून आहे, रत्नागिरीला होतो तेव्हा. एका अशाच 'देशा'चं नागरिकत्व चाळीस डॉलर भरून घेतलं होतं, त्या वेळी ते माझे दोन महिन्यांचे मेसचे पैसे होते. लॅमिनेट केलेलं कार्ड येणार होतं, नाही आलं, मेल केले तर उत्तर नाही, आणि मला पैशापेक्षा जास्त लागलं ते हे की मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं होतं, तुमच्या देशाला टपाल खातं कसं असावं यावर. ते कोणी वाचलंसुद्धा नसणार. म्हणून सांगतो, पैसे तर नकोच, पण त्याच्या मनातलं जे चांगलं आहे ते पण त्या माणसाच्या हाती देऊ नका.

आता त्याला आवडेल असं सांगतो. ऑस्ट्रेलियात पर्थच्या उत्तरेला एक शेतकरी होता, लिओनार्ड कॅस्ली. सरकारने गहू किती विकायचा त्यावर कोटा लावला, त्याचं पीक उभं होतं, कोटा अगदीच थोडा आला. अर्ज केले, काही झालं नाही. १९७० मध्ये त्याने आपलं शेतच स्वतंत्र जाहीर केलं, हट रिव्हर म्हणून. पन्नास वर्षं चालवला, तिकिटं, नाणी, टुरिस्ट यायचे पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायला. पण एकाही देशाने मानला नाही, कराची थकबाकी लाखो डॉलरवर गेली, आणि २०२० मध्ये त्याच्या मुलाने तो बंद केला, कर भरायला जमीन विकायची पाळी आली. मला त्या माणसाबद्दल आदर आहे, त्याचं भांडण खरं होतं. पण शेवटी सातबारा, म्हणजे तिथला जो काय असेल तो, ऑस्ट्रेलियाच्याच दप्तरात होता.

सीलँड त्याला माहिती असेलच, इंग्लंडच्या किनाऱ्यासमोर समुद्रात महायुद्धातला तोफांचा मनोरा, १९६७ मध्ये रॉय बेट्स तिथे कुटुंब घेऊन राहायला गेला. १९६८ मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की हे आमच्या हद्दीबाहेर आहे, तेव्हा हद्द तीन मैलांची होती. १९८७ मध्ये ब्रिटनने हद्द बारा मैल केली आणि मनोरा आत आला.

आणि खरोखर 'कोणाचीच नाही' अशी जमीन हवी असेल तर बीर तविल. इजिप्त आणि सुदानच्या मधे, साधारण २,०६० चौरस किलोमीटर वाळवंट. इंग्रजांनी १८९९ मध्ये सरळ रेघ मारली, १९०२ मध्ये कारभारासाठी दुसरी वाकडी मारली. समुद्राकडचा हलाइबचा तुकडा दोघांनाही हवाय, इजिप्त म्हणतं पहिली रेघ खरी, सुदान म्हणतं दुसरी खरी, आणि जो हलाइब मागेल त्याला बीर तविल सोडावं लागतं, म्हणून ते कोणीच मागत नाही. २०१४ मध्ये एक अमेरिकन बाप तिथे झेंडा लावून आला, मुलीला राजकन्या करायचं वचन दिलं होतं म्हणून. २०१७ मध्ये आपला इंदूरचा एक मुलगा जाऊन आला, बी पेरून पाणी घालून. तिथेही देश झाला नाही. आणि मला नेहमी वाटतं की त्या जागेला रिकामी म्हणणंच चूक आहे, अबाब्दा आणि बिशारी लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं-उंट चारतात, त्यांना कोणी विचारलं नाही, ना इंग्रजांनी ना झेंडेवाल्यांनी.

देश कशाला म्हणायचं याला १९३३ चा मोंटेव्हिडिओचा करार आहे: कायम राहणारी माणसं, ठरलेली हद्द, सरकार, आणि दुसऱ्या देशांशी व्यवहार करायची ताकद. त्याला म्हणावं वखारीत रात्री कोण राहतं ते लिही.

---

अरोंदेकर

मोडीवाल्यांनी पोर्तुगिजांचं काढलंत म्हणून लिहितो. आमचं घर अरोंद्याला, म्हणजे खाडीच्या अलीकडे महाराष्ट्र आणि तेरेखोलचा किल्ला मात्र आमच्याच काठावर असून गोव्यात, असं का ते लहानपणी कोणी सांगायचं नाही. कारण तो किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी सावंतवाडीकरांकडून घेतला आणि तेव्हापासून ती हद्द तशीच चालत आली. राज्य जाऊन साठ वर्षं झाली पण रेघ राहिली. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी त्याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता, पुढच्या वर्षीच्या सत्याग्रहात तिथे गोळ्या झाल्या, माणसं मेली. मुलाला एकदा तिथे घेऊन या, रेडीवरून रस्ता आहे, कोणाचंच नसलेल्या जागेसाठी कोणी मरत नाही हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

आणि नेटवर अजून एक फिरतं, की गोवा पोर्तुगालने कधी लिहूनच दिला नाही, म्हणून आजही अमुक नि तमुक. साफ खोटं आहे. १९६१ च्या डिसेंबरात सैन्य गेलं, १९ तारखेला पोर्तुगिजांनी शरणागती दिली, त्यानंतर पोर्तुगालने बरीच वर्षं मानलं नाही हे खरं, पण तिथली हुकूमशाही गेल्यावर ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार होऊन त्यांनी गोवा, दमण, दीव, दादरा, नगर हवेली सगळ्यावरचं भारताचं सार्वभौमत्व लेखी मान्य केलं.

लोकांचा गोंधळ होतो तो पोर्तुगीज पासपोर्टमुळे. माझ्या आत्याच्या घरचे पेडण्याचे, त्यांच्यात दोघांनी काढलाय. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्याला पोर्तुगालचा कायदा आपला नागरिक मानतो, मुलंनातवंडंही नोंद करून घेतात. तो खरा देश, खरा पासपोर्ट, आणि त्याची किंमतही खरी, कारण तो घेतला की भारताचं नागरिकत्व जातं, १९५५ च्या कायद्याचं नववं कलम. आत्याने सही करायच्या आधी रात्रभर विचार केला होता, देवघरासमोर बसून होती. पुठ्ठ्याचा पासपोर्ट आणि तो यात फरक काय, तर दुसरा घेताना काहीतरी सोडावं लागतं.

---

नाना_दापोली

उशिरा बघितला धागा. अरोंदेकर म्हणतात ते अगदी खरं.

मोडीवाल्यांच्या लिहिण्यात एक राहिलं, ते माझ्या पिढीच्या जिव्हाळ्याचं म्हणून लिहितो. दादरा नगर हवेली १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुक्त झाली ती सरकारी फौजेने नाही, स्वयंसेवकांनी केली. आधी दादरा, मग नरोली, २ ऑगस्टला सिल्वासा. आपले सुधीर फडके त्यात होते, गाणारा माणूस, हातात बंदूक घ्यायला तयार झालेला. पैसा उभा करायला लताबाईंचा कार्यक्रम पुण्यात झाला होता. आणि त्यानंतर सात वर्षं तो मुलूख ना पोर्तुगालचा ना रीतसर भारताचा. वरिष्ठ पंचायत कारभार बघत होती. तुमच्या नातवाएवढ्या, चुकलो, मुलाएवढ्या पोराला जे खेळात करावंसं वाटतं ते तिथे लोकांनी खरोखर केलं, न्याय चालवला, शाळा चालवल्या. पण राजा कोणी झाला नाही हो. पहिल्यापासून मागणी एकच, आम्हाला भारतात घ्या. हेगचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागलं. मग १९६१ मध्ये सामील व्हायच्या करारावर सही करायला त्या बाजूने कोणी राष्ट्रप्रमुख हवा, म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्यांना तिथलं पंतप्रधान केलं आणि त्यांनी नेहरूंबरोबर सही केली. ११ ऑगस्ट १९६१ पासून तो भारताचा भाग, त्यासाठी घटनेची दहावी दुरुस्ती झाली.

ते सात वर्षांचं राज्य मला कुठल्याही सीलँडपेक्षा मोठं वाटतं. पोराला हे सांगा.

---

वेंगुर्लेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार, काय लिहू कळत नाही. तीन दिवस रोज रात्री जेवणं झाल्यावर एकेक प्रतिसाद वाचून दाखवला. सासरेही ओटीवर बसून ऐकत होते, आधी लांब, मग कुळाचा भाग आला तेव्हा खुर्ची ओढून जवळ आले आणि मग अर्धा तास तेच बोलत होते, कपाटातून जुना सातबारा काढला, फेरफार नंबर बोट ठेवून दाखवला. हे त्यांनी मलाही कधी दाखवलं नव्हतं.

पैशाचा विषय संपला. त्याने त्या माणसाला काय लिहिलं ते दाखवलं मला, "आमचा देश गरीब आहे आणि आम्हाला मान्यता नको", एवढंच. पेजवरची स्वतंत्र वगैरे भाषा काढली, शाळकरी मुलांचा काल्पनिक देश असं वर टाकलं, वकीलसाहेब धन्यवाद.

तळकोकणी दादा, तुमचं पण वाचून दाखवलं, लपवलं नाही. तो म्हणाला मी डचांच्या बाजूने नाहीये, ती वखार पडतेय आणि कोणी काही करत नाही, म्हणून वाटलं आमची असती तर आम्ही झाडं काढली असती. मी चार महिने तो खोका बघून गप्प होते आणि हे मला माहितीच नव्हतं. मुळात त्याला राज्य नकोच होतं.

रविवारी सासरे त्याला घेऊन गेले, आत नाही जायचं या अटीवर. बाहेरूनच मोजमाप घेतलं, या वेळी पावलांनी नाही, सुताराकडून टेप आणला होता. कुठल्या भिंतीत पिंपळ आहे, कुठे वड आहे, कुठला कोपरा ढासळलाय ते सगळं त्याच आलेखाच्या कागदावर हिरव्या पेन्सिलीने भरलंय. फोटो काढलेत. अर्ज कोणाकडे करायचा ते वकीलसाहेब सांगाल का, तलाठी की तहसीलदार की पुरातत्त्व, आणि अर्ज मुलांच्या नावाने चालेल का की मोठ्या माणसाची सही लागेल?

आणि मोडीवाला, तुम्हाला एक निरोप आहे. त्याने आता नाना म्हणतात तसा सामील व्हायचा करार लिहायला घेतलाय, काजूबीचा देश भारतात विलीन, आजोबांची सही साक्षीदार म्हणून. पण त्याला तो मोडीत लिहायचाय, आणि अमलासकट कायमची दिली असं नक्की कुठल्या शब्दांत लिहायचे ते विचारतोय, म्हणजे नंतर कोणी सरंजाम म्हणायला नको.

---

कोर्टकचेरी

पुरातत्त्व खात्याच्या रत्नागिरी कार्यालयाला लिहा, प्रत तहसीलदारांना. सही तुमची, खाली चारही मुलांची नावं. नकाशा जोडा, मूळ देऊ नका, झेरॉक्स द्या.

---

मोडीवाला

ताई, त्याला देवनागरीत मसुदा लिहून इथे टाकायला सांगा, मी मोडीत उतरवून फोटो पाठवतो, खाली बाराखडीपण देतो म्हणजे पुढच्या वेळी त्याचा तो लिहील. बोरू नसेल तर कट निबचं पेन चालतं, कागद जरा जाड घ्या, शाई फुटते.